जलतरणपूरक बलव्यायाम

जलतरणपूरक बलव्यायाम : स्पर्धात्मक पोहण्यास लागणारे स्नायुबल, दमदारपणा व सांध्यांची लवचिकता वाढविण्यासाठी जमिनीवर करावयाचे व्यायाम, तसेच त्याच हेतूने केलेला इतर क्रीडाप्रकारांचा सराव. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगात थोडी भर घालण्यासही बरीच अधिक शक्ती खर्ची पडते. ५० व १०० मी. शर्यतींत या बलाचे महत्त्व विशेष असते.

वजने उचलल्याने पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्रशिक्षक रॉबर्ट किफूथ यांनी मेडिसिन बॉल, कप्पीवरील वजने आणि साधनविरहित व्यायाम यांचा पद्धतशीर अवलंब करून तो खोटा ठरविला. जेम्स कौन्सिलमन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोहण्याची यांत्रिकी शास्त्रीय पायावर मांडली.

महाराष्ट्रात व्यायाम आणि पोहणे या दोन्ही परंपरा जुन्या असल्या, तरी त्या बव्हंशी वेगवेगळ्या वाढल्या. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव यांसारख्या तालुक्यांत मुले विहिरीत वा नदीच्या डोहात पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहावयास शिकत, तर तरुण तालमीत दंड-बैठका काढून यात्रेतील आखाड्यासाठी अंग कमावीत. पहिले जीवनोपयोगी कौशल्य, तर दुसरे मल्लविद्येचे अंग मानले जाई.

या दोन्ही धारा एकत्र आल्याचे ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे होत. कुस्तीची आवड असलेले पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे झाले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांच्या शरीराचा कमरेखालचा भाग अधू झाला. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि १९७२ च्या हायडल्‌बर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मी. मुक्तशैली शर्यत ३७·३३ सेकंदांत जिंकून भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पायांचे साहाय्य नसता अशी शर्यत बाहू, खांदे व पाठ यांच्या बळावरच पोहावी लागते. भारत सरकारने २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

तथापि तालमीतील प्रत्येक व्यायाम जलतरणपटूस सारखाच उपयुक्त नसतो. दंडात शरीर वर ढकलले जाते, तर पोहताना पाणी मागे ओढावे लागते. म्हणून पाठीचे स्नायू बळकट करणारा दोरीचा मल्लखांब किंवा आडव्या दांडीवर अंग वर उचलणे त्यास अधिक जवळचे ठरते. बैठकांचा लाभ मुख्यत्वे आरंभीची उडी व भिंतीवरील वळण यांत होतो. पोहण्याने खांदा आत वळविणारे स्नायू तुलनेने प्रबळ होतात. बाहेर वळविणारे स्नायूही जोपासले नाहीत, तर खांदेदुखी जडण्याचा संभव असतो. लहान मुलांनी प्रथम हातापायांचे तंत्र व स्वतःच्या शरीरभाराचे व्यायाम साध्य करून, जड वजनांकडे तज्ञांच्या देखरेखीखाली क्रमाने वळावे.

माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे इ. धरणांमुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. परंतु खोल जलाशय मोजक्या अंतराच्या, सुरक्षित तलावाची जागा घेऊ शकत नाही. तलाव दूर असलेल्या ग्रामीण मुलांस मात्र तालमीतील अल्पखर्ची साधनांनी या शिक्षणाचा जमिनीवरील भाग गावातच पुरा करता येतो.