यौवनलोपी ग्रंथीची कैफियत

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. बालपणी ती भरदार असते, वयात आल्यावर झिजते. म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. नाव मला सुंदर वाटते, पण या झिजण्यानेच वैद्यकाला दीर्घकाळ चकवले.

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनाला येणारे देह बहुतेक गरिबांचे, आजाराने खंगलेले. आजारपणात थायमस आक्रसते, हे कोणी ध्यानात घेतले नाही. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाची ग्रंथी अवाजवी मोठी दिसली आणि मृत्यूचे खापर तिच्यावर फुटले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो निरोगी तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. १९५० साली हा संबंध निदर्शनास आला. उपासमारीने खंगलेला देह ‘सामान्य’ धरला, त्याचे हे फळ.

पुढे ग्रंथी निरुपयोगी ठरली. रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करताना जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांची थायमस काढली. उंदीर काही आठवड्यांनी खंगून मरू लागले; परक्या उंदराची कातडीही त्यांनी निमूट स्वीकारली. १९६१ साली मिलर यांनी हे प्रसिद्ध केले, तरी नोबेलविजेते पीटर मेदावार यांच्यासारख्यांनाही थायमसमधल्या पेशींचे महत्त्व लगेच पटले नाही.

त्या पेशी म्हणजे टी-पेशी. जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून प्रत्येक पेशी आपला ग्राहक बनवते. म्हणजे रोगजंतू ओळखणारी पेशी जशी जन्मते, तशी स्वतःच्याच शरीरावर उठणारीही. थायमसमध्ये त्यांची पारख होते: शरीराची ओळखखूण मुळीच न वाचणारी पेशी मरते, स्वकीयांना घट्ट पकडणारीही मरते. ही दुसरी छाटणी १९८७ साली जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांनी उंदरांत दाखवली. नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी तिथेच संपतात.

तरी काही निसटतातच. १९६९ साली जपानी संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची थायमस काढली, तर त्यांची अंडाशये नष्ट झाली. शरीरच शरीरावर उलटले होते. मिलर यांच्या प्रयोगापेक्षा फरक अवघ्या तीन दिवसांचा! हल्लेखोर बाहेर पडले होते, त्यांना आवरणारे मागे राहिले होते. त्या आवरणाऱ्या पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ साली ओळखल्या. २०२५ चे नोबेल त्यांना मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले.

हृदयशस्त्रक्रियेत वाट करण्यासाठी तान्ह्या बाळांची थायमस आजही पुष्कळदा काढावी लागते.