लूथरपंथी शाळेंतील वरचा वर्ग

आयुष्याचीं चौतीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत घालविलीं, आणि त्यांतील बहुतेक काळ वरच्या वर्गावर होतों. पाठांतर हा माझ्या वर्गाचा लौकिक. नद्या, घाट, सनावळ्या मुलें अशा धडाक्यानें म्हणत कीं, ऐकणारानें मान डोलवावी. एकदां तपासनीस साहेब आले. माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यानें सह्याद्रीचे घाट बिनचूक म्हणून दाखविले. साहेबांनीं हसून विचारिलें, "बाळ, घाट म्हणजे काय रे?" मुलगा क्षणभर घोटाळला आणि त्यानें घाटांचीं नांवें पुन्हां पहिल्यापासून म्हणावयास सुरुवात केली. साहेब कांहीं बोलले नाहींत. मी मात्र मनांतून फार ओशाळलों.

"म्हणजे काय?" हा प्रश्न शाळेच्या पुस्तकांत पानोपानीं छापून आणणारी एक शिक्षणपरंपरा जर्मनींत होऊन गेली, हें मला सेवानिवृत्तीनंतरच्या वाचनांत कळलें. ती परंपरा म्हणजे लूथरपंथी शाळा. तेथें वरच्या वर्गांतील मुलें काय शिकत, हेंच आज सांगावयाचें योजिलें आहे.

मार्टिन लूथर १४८३ सालीं जन्मला. मान्सफेल्ड गांवच्या शाळेंत एका सकाळीं आपल्याला पंधरा वेळां मार बसला, आणि तोहि न शिकविलेल्या धड्याबद्दल, अशी आठवण तो उतारवयांत सांगत असे. १५१७ पासून त्यानें रोमच्या धर्मसत्तेशीं विरोध मांडला. प्रत्येकानें धर्मग्रंथ स्वतः वाचावा असें एकदां म्हटलें, कीं प्रत्येकाला वाचतां आलें पाहिजे हें ओघानेंच आलें. म्हणून १५२४ सालीं त्यानें जर्मनींतील नगरसभांना अनावृत पत्र लिहिलें. त्याचा आशय असा : तुम्ही दरसाल तोफा, रस्ते, पूल यांवर एवढें द्रव्य खर्च करितां, मग मुलांसाठीं एकदोन शिक्षक कां ठेवूं नयेत? मुलग्यांनीं रोज एकदोन तास व मुलींनीं एक तास शाळेंत यावें, उरलेला वेळ घरकाम व धंदा शिकण्यांत घालवावा, अशी त्याची व्यवहारी सूचना होती.

त्याचा सहकारी फिलिप मेलांख्टन यानें १५२८ सालीं सॅक्सनींतील शाळांसाठीं मुलांचे तीन गट पाडून दिले. पहिल्या गटानें अक्षरें व प्रार्थना शिकावी. दुसऱ्यानें व्याकरण व इसापच्या गोष्टी वाचाव्या. तिसऱ्या, म्हणजे वरच्या गटानें व्हर्जिल, ओव्हिड व सिसेरो वाचावे, लॅटिन पद्यें रचावीं आणि बोलावें तेंहि लॅटिनमध्यें. दुपारीं गायन मात्र सर्वांना सारखेंच. गंमत ही कीं, ज्या लूथरनें बायबल लोकांच्या जर्मन भाषेंत आणिलें, त्याच्याच पंथाच्या या शाळांत जर्मन भाषेला मज्जाव होता! आपल्याकडेहि इंग्रजी शाळेंत मराठी बोलल्याबद्दल दंड होत असे, हें ज्यांना आठवतें त्यांना याचें नवल वाटणार नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १५२९ सालीं, लूथरची 'लघु प्रश्नोत्तरी' निघाली. दहा आज्ञा, श्रद्धावचन, प्रभूची प्रार्थना इत्यादि भाग तिच्यांत आहेत. आधीं मूळ वचन, आणि लगेच खालीं एक लहानसा प्रश्न : "याचा अर्थ काय?" प्रस्तावनेंत शिक्षकाला स्पष्ट क्रम घालून दिला आहे. प्रथम शब्द जसेच्या तसे मुखोद्गत करून घ्यावे, ते पक्के झाल्यावर अर्थ शिकवावा, आणि त्यानंतर अधिक विस्तार करावा. पाठांतर ही पायरी आहे, मुक्काम नव्हे, असा त्यांतील भाव.

परंतु येथें एक मेख होती. प्रश्न छापला, तसें त्याचें उत्तरहि छापलें होतें. मग शाळाशाळांतून मुलें तो अर्थहि पाठ म्हणूं लागलीं. अर्थाचेंहि पाठांतर होऊं शकतें, हें आम्हां मास्तरमंडळींना कोणी सांगावयास नको.

या कोंडींतून वाट काढण्याचा एक प्रयत्न गोथा संस्थानांत झाला. तीस वर्षांचें युद्ध चालू होतें, मुलूख उजाड झाला होता. अशा वेळीं, १६४२ सालीं, ड्यूक एर्न्स्ट यानें आंद्रेआस रायहर या शिक्षणज्ञाकडून शाळांची नियमावली करविली व मुलामुलींना शाळेंत पाठविणें सक्तीचें केलें. खालचा, मधला व वरचा असे वर्ग तींत होते. वाचन, लेखन, गणित, गायन व प्रश्नोत्तरी यांच्या जोडीला निसर्गांतील वस्तु, मोजमाप, आपला मुलूख व त्याचा कारभार यांची ओळख पुढें वरच्या मुलांना देण्यांत येऊं लागली, आणि तीहि जर्मन भाषेंत. वचनाचा अर्थ पुस्तकांत मिळतो, पण वस्तूचा अर्थ वस्तु पाहूनच कळतो, हें तेथें ओळखलें गेलें.

१६९५ सालीं हाले नगरीजवळ आउगुस्ट हेर्मान फ्रांके या धर्मोपदेशकाच्या दानपेटींत चार थालर व सोळा ग्रोशन एवढी रक्कम सांपडली. एवढ्या भांडवलावर त्यानें गरीब मुलांची शाळा काढली. १७२७ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या संस्थांत दोन हजारांवर मुलेंमुली शिकत होतीं. तेथें निसर्गवस्तूंचा संग्रह होता, वनस्पतींची बाग होती. मुलांना कारागिरांच्या दुकानीं नेत, आणि वरच्या विद्यार्थ्यांना कांतकाम व भिंगें घासणें हाहि अभ्यासच होता.

या हाले येथें शिकलेला बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग १७०६ सालीं डेन्मार्कच्या राजाच्या वतीनें आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, तरंगंबाडी येथें उतरला. हें बंदर डेन लोकांकडे होतें, आणि सभोंवतीं तंजावरच्या भोसल्यांचें मराठी राज्य होतें. तामीळ शिकण्यासाठीं त्यानें एका वृद्ध पंतोजीची शाळाच आपल्या घरीं आणविली, आणि मुलांच्या रांगेंत बसून वाळूंत अक्षरें गिरविलीं. आपली धूळपाटीच ती! १७०७ सालीं तेथें मुलींचीहि शाळा निघाली. हेतु धर्मप्रसाराचा होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण शिक्षण तामीळांतून द्यावयाचें, हें त्यानें आरंभींच ठरविलें.

त्याच मिशनचे, आणि हाले येथेंच शिकलेले, श्वार्ट्झ हे १७५० सालीं आले व पुढें तंजावरांत स्थायिक झाले. १७८७ सालीं मरणोन्मुख तुळजाजी महाराजांनीं आपला दत्तक पुत्र सरफोजी यांना त्यांच्या हातीं सोंपविलें. सरफोजींचें शिक्षण मिशनच्या मंडळींच्या देखरेखीखालीं झालें, तरी ते अखेरपर्यंत स्वधर्मांतच राहिले. १७९८ सालीं ते गादीवर बसले. त्याच वर्षीं गुरु निवर्तले. शिष्य गुरूच्या मृत्युशय्येजवळ उभा आहे, असें फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांनीं करविलेलें संगमरवरी शिल्प तंजावरांत आहे.

सरफोजी राजांनीं शाळा काढल्या, छापखाना घातला. त्या छापखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'बालबोध मुक्तावलि' हें पुस्तक निघालें. तें कशाचें भाषांतर म्हणाल? इसापच्या गोष्टींचें, आणि तेंहि मराठींत! त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकांत डोंगरी जोगीण पृथ्वीवरील देशांचा भूगोल गाऊन सांगते. मेलांख्टनच्या मुलांनीं इसाप लॅटिनमध्यें घोकला. येथें तो मराठी मुलाच्या हातीं मराठींत आला. हें सर्व त्या शाळेचेंच फळ, असा दावा मी करीत नाहीं. राजांची स्वतःची बुद्धि थोर होती. परंतु शिकलेलें आपल्या भाषेंत उतरवून दाखविणें, हीच अर्थ कळल्याची खरी परीक्षा, आणि त्या परीक्षेस ते उतरले, एवढें निश्चित.

श्रोतेहो, पाठांतराला मी नांवें ठेवीत नाहीं. पावकी निमकी आजहि माझ्या उपयोगी पडते. पण खालच्या वर्गाची पायरी वरच्या वर्गांत मुक्काम होऊन बसली, कीं मुलगा घाटांचीं नांवें पुन्हां पहिल्यापासून म्हणूं लागतो.

साहेब येऊन गेल्याच्या पुढच्या वर्षीं वर्गाला घेऊन मी घाटांत गेलों. मुलें वळणावरून खालीं कोंकणाकडे पाहत उभीं राहिलीं. मीं कांहीं विचारिलें नाहीं. एक मुलगा आपण होऊनच म्हणाला, "गुरुजी, म्हणजे डोंगरांतून उतरायची वाट होय!" त्या दिवशीं मला फार आनंद झाला. मात्र ज्याच्यामुळें मी तेथें गेलों, तो हुशार मुलगा तोंवर माझी शाळा सोडून गेला होता.