समुद्राकाठची आगगाडी आणि तिच्यावरचे पूल



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मंडळाचे कार्यवृत्त येते, पाककृती येतात, मुलांच्या बक्षिसांची यादी येते. या वर्षी "आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहा" असे मला सांगण्यात आले, तेव्हा मनात पहिल्याने आली ती आपली आगगाडी. माझे माहेर गिरगावचे आणि सासर परळचे. माहेरी चर्नी रोड स्टेशन, सासरी एल्फिन्स्टन रोड, ज्याला आता प्रभादेवी म्हणतात. म्हणजे जन्मापासून आजवर एकाच रेल्वेच्या शेजाराने राहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. वाचून, विचारून आणि पाहून जे कळले तेवढे सांगते.

हिंदुस्थानातली प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे आपण शाळेत शिकलो. ती जी. आय. पी. कंपनीची, म्हणजे आजची मध्य रेल्वे. आपली समुद्राकाठची गाडी वेगळी. ती बी. बी. सी. आय. कंपनीची, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची. ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. गंमत अशी की तिचे पहिले रूळ मुंबईत पडलेच नाहीत. ते १८६० साली गुजराथेत, अंकलेश्वर ते उतराण असे पडले. कारण उघड आहे. कंपनीला माणसांपेक्षा कापूस हवा होता. गुजराथचा कापूस मुंबई बंदरात आणावयाचा आणि तेथून विलायतेला पाठवावयाचा, हा हिशेब होता. तिकडून सरकत सरकत, वसईच्या खाड्या ओलांडून, २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ही गाडी ग्रँट रोडला पोहोचली.

ग्रँट रोडच्या पुढे मात्र समुद्र होता. आज चर्नी रोडला उतरून चौपाटीकडे जाताना मध्ये रुंद रस्ता लागतो, पण त्या काळी बॅक बेचे पाणी वस्तीच्या अगदी जवळ येत असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या भरात समुद्र बुजवून जमीन करावयाची म्हणून बॅक बे रिक्लमेशन कंपनी निघाली. तिचे शेअर घेण्यासाठी लोकांनी वाटेल ते केले. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि कंपनीबरोबर कित्येकांची घरे बुडाली. अर्धवट राहिलेला भराव सरकारने ताब्यात घेतला. त्यातल्याच किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीवरून आपले रूळ पुढे दक्षिणेस गेले. म्हणजे गिरगाव आणि समुद्र यांच्या मध्ये लोखंडाची जी रेघ पडली, ती अशी एका दिवाळखोरीच्या जमिनीवर पडली.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. सकाळी एक यावयाची आणि संध्याकाळी एक परत जावयाची. आजच्या लोकलचा हा जन्मदिवस म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या दुपटीहून अधिक होते. आपणा बायकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या वर्गात बायकांचा डबा तेव्हापासूनच वेगळा होता. पुढे १८७० साली चर्चगेट स्टेशन झाले, आणि रूळ थेट कुलाब्यापर्यंत गेले. १९०० सालापर्यंत रोज प्रत्येक दिशेला ४५ गाड्या धावू लागल्या.

आता स्टेशनांच्या नावांविषयी थोडे. चर्चगेट म्हणजे जुन्या कोटाचा, सेंट थॉमसच्या चर्चकडे उघडणारा दरवाजा. कोट १८६० नंतर पाडला, दरवाजा गेला, नाव राहिले. मरीन लाइन्स हे नाव तेथील पलटणीच्या बराकींवरून पडले. ग्रँट रोड व एल्फिन्स्टन रोड ही दोन्ही नावे गव्हर्नरांची. चर्नी रोडची कथा मला सर्वांत आवडते. इंग्रजांनी मैदानावर गुरे चारण्यास पट्टी बसवली, तेव्हा गोरगरिबांच्या गाईंसाठी जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ साली ठाकुरद्वाराजवळ वीस हजार रुपयांना जमीन घेऊन फुकट चरणी करून दिली, असे सांगतात. त्या चरणीवरून हे नाव आले. आणि दादर? जुन्या मराठीत दादर म्हणजे लाकडी जिना किंवा पूल. ज्या स्टेशनात सबंध मुंबई जिने चढते-उतरते, त्याचे नावच जिना असावे हा योग मोठा मजेशीर आहे.

कुलाब्याचे स्टेशन पुढे बंद झाले. बॅक बेच्या नव्या भरावासाठी सरकारला ती जमीन हवी होती. म्हणून लांबच्या गाड्यांसाठी बॉम्बे सेंट्रल बांधले. ते २१ महिन्यांत पुरे होऊन १८ डिसेंबर १९३० रोजी उघडले. त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाब्याच्या गाड्या थांबल्या, आणि चर्चगेट हे आपले शेवटचे स्टेशन झाले. त्यानंतर मरीन ड्राइव्ह पुरा झाला आणि समुद्र रुळांपासून आणखी दूर गेला. तरी चर्चगेटकडे जाताना उजव्या खिडकीतून अजून तो मध्येच दिसतो, आणि दिवसभराच्या दगदगीत तेवढेच बरे वाटते.

त्याआधी, ५ जानेवारी १९२८ रोजी, कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली होती. कोळशाचा धूर आणि काजळी गेली, हा फायदा तर दिसतोच, पण खरा फायदा दुसरा आहे. वाफेची गाडी शेवटच्या स्टेशनात आली की इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. विजेच्या लोकलला वेगळे इंजिन नसते. काही डब्यांच्या खालीच मोटारी असतात आणि दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक इकडून उतरतो, गार्ड तिकडून येतो, आणि थोड्याच मिनिटांत गाडी उलट निघते. म्हणून एवढ्याशा चर्चगेटला एवढ्या गाड्या मावतात. वरच्या तारेत आरंभी १५०० व्होल्टची वीज होती. चर्चगेट ते विरार ती बदलून २५००० व्होल्ट करण्याचे काम २०१२ साली संपले. आता पश्चिम रेल्वेवर रोज सुमारे चौदाशे फेऱ्या होतात. रात्री एकच्या सुमारास शेवटची गाडी जाते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली निघते. मधल्या दोन-तीन तासांत तारेतील वीज बंद करून माणसे रूळ आणि तारा तपासतात. आपण झोपलेल्या असतो तेव्हा कोणी कंदील घेऊन रूळ पाहतो, म्हणून सकाळी आपल्या घरची माणसे कामावर पोहोचतात.

नोकरी करणाऱ्या भगिनींना बायकांच्या डब्याविषयी मी काय सांगावे! मटार सोलणे, भाजी निवडणे, भजन, हळदीकुंकू, नव्या सुनेचे कौतुक, सारे त्या डब्यात होते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी सबंध गाडीच बायकांची सुरू झाली. परंतु आपल्या मंडळातल्या निम्म्या जणी रोज गाडीत बसत नाहीत. आम्हा घरी राहणाऱ्या बायकांचा रेल्वेशी संबंध येतो तो पुलाशी. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, मुलाची शाळा पलीकडे. रूळ जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी असतात, पण राहणाऱ्यांना लागतो तो पूल.

आरंभीच्या लोकांना ही गोष्ट कळली होती असे दिसते. गिरगावात रुळांवरून जे जुने पूल गेले, त्यांची नावे पाहा. फ्रेंच ब्रिज हा फ्रेंच लोकांचा नव्हे, तर बी. बी. सी. आय.शी संबंधित कर्नल फ्रेंच यांच्या नावाचा. केनेडी ब्रिज हा कंपनीचे कर्नल केनेडी यांच्या नावाचा. फ्रेअर ब्रिज गव्हर्नर फ्रेअर यांच्या नावाचा. रेल्वेने गावाचे दोन भाग केले, तेव्हा ते जोडण्याच्या कामाला मोठमोठ्यांनी आपली नावे दिली.

आपल्या परळकडे गोष्ट निराळी झाली. येथे गिरण्या होत्या. गिरणीचा कामगार भोंगा ऐकून चाळीतून निघे आणि पायीच कामावर जाई. त्याला लोकलची गरज फारशी पडत नसे. त्यामुळे एल्फिन्स्टन रोड हे स्टेशन आणि त्याला मध्य रेल्वेच्या परळ स्टेशनाशी जोडणारा पादचारी पूल तेवढ्या गर्दीला पुरत होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तिच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. येथे आता पूर्वीसारखीच हजारो माणसे कामाला येतात, परंतु ती चाळीतून चालत येत नाहीत, विरार-डोंबिवलीहून गाडीने येतात. काम बदलले, माणसे बदलली, येण्याची वाट बदलली. पूल आणि त्याचा अरुंद जिना मात्र तसाच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास अचानक पाऊस आला. पूल भरलेला होता. पावसामुळे लोक वर थांबले, खालून गाड्यांची माणसे चढतच राहिली, आणि जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यांत बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी आपण दारांना झेंडूची तोरणे लावली ती कोणत्या मनाने, हे आपल्या भागात वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर लष्कराचे इंजिनिअर आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पादचारी पूल खुला झाला. म्हणजे ज्या कामाला वर्षानुवर्षे मुहूर्त मिळत नव्हता, ते मनावर घेतल्यावर पाच महिन्यांत झाले. जुलै २०१८ मध्ये स्टेशनाचे नाव प्रभादेवी झाले. २०२४ साली चर्नी रोडला गिरगाव आणि करी रोडला लालबाग ही नावे द्यावीत, असा प्रस्ताव राज्य सरकारने केला. आपल्या गावची, आपल्या देवीची नावे आली तर कोणाला आनंद होणार नाही? परंतु फलाटावरील पाटी बदलल्याने जिना रुंद होत नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

शेवटी एक सूचना मांडते. आपण दरवर्षी गणपतीआधी वर्गणीसाठी घरोघर जातोच. त्याच फेरीत आपल्या भागातील रेल्वेचे पूल आणि जिने एकदा डोळसपणे पाहावेत. कोठे पायरी तुटली आहे, कोठे कठडा हलतो, कोठे दिवा नाही, कोठे संध्याकाळी माणूस अडकून राहतो, हे दोघी-तिघींनी वहीत लिहून घ्यावे. १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर तक्रार करता येते, ती करावी. शिवाय मंडळाच्या शिक्क्याने व सभासदांच्या सह्यांनी रेल्वेकडे आणि आपल्या नगरसेवकाकडे पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. रोज त्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला जे दिसते, ते कचेरीतल्या नकाशात दिसत नाही. आणि पावसात पुलावर गर्दी दिसली, तर मुलांचा हात धरून खालीच थांबावे. गाडी चार मिनिटांनी दुसरी येते.

ही सूचना येत्या सभेत चर्चेला घ्यावी, अशी सर्व भगिनींना माझी नम्र विनंती आहे.