संकासुर ते अण्णा नाईक

मालवणी मुलखात दुष्ट पात्र लाडके होण्याची रीत दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी आहे, असे आम्हांस वाटते. दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, वेद चोरणारा संकासुर येतो. देवपात्रे ग्रांथिक मराठी बोलतात. हा काळ्या वेशातला असुर मात्र मालवणीत थट्टा करतो. अधर्म घरच्या बोलीत बोलू लागला की तो परका वाटत नाही. तरीही विष्णूच्या हातून संकासुराचा वध ठरलेला असतो.

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये मच्छिंद्र कांबळींनी रंगवलेला तात्या सरपंच याच गोत्रातला, पण त्याचे दोष निरुपद्रवी. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने मात्र जुना क्रमच उलटवला. २०१६च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक आरंभीच मरतात. २०१९च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेऊन त्यांना जिवंत केले. माधव अभ्यंकरांनी हा लंपट, क्रूर गृहस्थ अशा रुबाबाने उभा केला, की प्रेक्षक त्याचीच वाट पाहू लागला. २०२१च्या तिसऱ्या पर्वात तर अण्णा मरूनही उरले.

दोन्हींकडे आकर्षण एकच, भेद शेवटाचा आहे. संकासुराने पळवलेले वेद परत मिळतात. अण्णांच्या पत्नीचे, माईंचे, होरपळलेले आयुष्य परत मिळत नाही. अण्णांच्या रुबाबाला दाद देताना आपण माईंकडे पाठ फिरवतो काय, हे अभ्यासकांनी तपासावे.