बिस्किटांची बरणी: पारख आणि किंमत

न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहाने १९८८ च्या एप्रिलमध्ये दिवंगत चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या संग्रहातील वस्तू विक्रीस काढल्या. त्यांत दागिने आणि उंची फर्निचरच्या जोडीला चिनी मातीच्या सुमारे पावणेदोनशे बरण्या होत्या. प्राणी, माणसे, गोष्टींतील पात्रे अशा गमतीदार आकारांच्या या बरण्या म्हणजे अमेरिकी स्वयंपाकघरातील बिस्किटांचे डबे, अर्थात 'कुकी जार'. वॉरहॉल यांनी त्या जुन्या बाजारांत अल्प किमतीला घेतल्या होत्या. लिलावात त्यांचे मिळून जवळपास अडीच लाख डॉलर आले. ही किंमत बरणीची किती आणि मालकाच्या नावाची किती, हा प्रश्न रास्तच. परंतु फडताळातील दुर्लक्षित बरण्यांकडे संग्राहकांचे लक्ष वळले ते तेव्हापासून.

या बरण्यांचे माहेर ओहायो राज्यात. रोझव्हिल, झेन्सव्हिल आणि क्रूक्सव्हिल ही गावे चांगल्या मातीमुळे कुंभारकामासाठी प्रसिद्ध होती. रोझव्हिलची मॅकॉय कंपनी १९१० मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. झेन्सव्हिलच्या शॉनी कंपनीचे आयुष्य १९३७ ते १९६१ एवढेच. पण तिची 'स्मायली पिग' ही हसऱ्या डुकराची बरणी आजही शोधली जाते. हल कंपनीच्या 'लिटल रेड रायडिंग हूड'चे पेटंट १९४३ चे.

किंमत ठरते ती प्रथम अवस्थेवरून. झाकण हा या वस्तूचा सर्वांत दुबळा भाग. रोजची उघडझाप त्याच्याच वाट्याला आल्याने कडांचे टवके उडतात, आणि फुटल्यास दुसऱ्याच बरणीचे झाकण बसवले जाते. म्हणून झाकण नीट बैठक घेते का आणि दोन्ही भागांच्या झिलईची छटा जुळते का, हे पाहावे. झिलईवरील केसासारख्या रेषांचे जाळे वयोमानाने येते. त्याने किंमत थोडी उतरते. आरपार गेलेला तडा मात्र किंमत पार खाली आणतो. अनेक बरण्यांवरील रंग भट्टीत न भाजता झिलईवर नुसता लावलेला असे. तो धुण्यात निघून जातो, त्यामुळे मूळ रंग शाबूत असलेली बरणी दुर्मीळ. शॉनीच्या बरण्यांवर सोनेरी नक्षी असल्यास भाव आणखी चढतो.

खरी जोखीम नकलेची. १९९० च्या दशकात मॅकॉयच्या नावाचा ठसा असलेल्या नव्या बरण्या बाजारात आल्या. तेव्हा तळाचा ठसा हा पुरावा मानता येत नाही. फुटपट्टी अधिक विश्वासाची. माती सुकताना व भाजताना आकसते. साहजिकच मूळ बरणीवरून साचा काढून केलेली नक्कल मूळ बरणीपेक्षा लहान भरते. संग्राहकांच्या मार्गदर्शक पुस्तकांत बरण्यांची उंची दिलेली असते ती यासाठीच. नकलेतील बारकावेही बोथट असतात.

ज्यांची सर्वाधिक नक्कल झाली, त्यांत मॅकॉयची 'मॅमी' येते. कृष्णवर्णीय मोलकरणीचे हे व्यंगचित्र एके काळी अमेरिकी घरांत निर्धास्तपणे ओट्यावर असे. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाचे जिम क्रो संग्रहालय अशा वस्तू वंशद्वेषाचा पुरावा म्हणून जपते व त्यांतून शिकवते. कृष्णवर्णीय संग्राहकही त्या घेतात. निव्वळ 'मजेशीर' म्हणून अशी बरणी विकणाऱ्या दुकानदाराच्या माहितीवर इतर बाबतींतही फार विसंबू नये.

ईबे हे संकेतस्थळ १९९५ मध्ये सुरू झाले आणि दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या कित्येक बरण्या घरोघरी असल्याचे उघड झाले. साध्या बरण्यांचे भाव त्यानंतर उतरले. मार्गदर्शक पुस्तकांतील जुने दर म्हणूनच आज दिशाभूल करतात. विक्रेत्याने मागितलेली रक्कमही निरुपयोगी. प्रत्यक्ष विक्री किती डॉलरला झाली, तेवढाच आकडा धरावा.

बरणी घरी आणल्यावर ती कोमट पाण्याने, मऊ फडक्याने पुसावी. भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. जुन्या झिलईत व रंगांत शिसे असू शकते, आणि आंबट पदार्थात ते उतरते. लोणचे तर तिच्यात कदापि भरू नये. बिस्किटेही वेगळ्या डब्यात ठेवावीत.