अण्वस्त्रधाक

प्रतिस्पर्ध्यावर हल्ला केल्यास आपलाही सर्वनाश ओढवेल, या भीतीने अण्वस्त्रधारी राष्ट्रांना परस्परांशी थेट युद्ध करण्यापासून रोखणारी स्थिती. तिला ‘आण्विक प्रतिरोधन’ असेही म्हणतात. शीतयुद्धकाळातील अमेरिका व सोव्हिएट संघ हे तिचे प्रमुख उदाहरण होय.

सोव्हिएट संघाने २९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमीपलातिन्स्क येथे पहिली अणुचाचणी केली आणि अमेरिकेची मक्तेदारी संपली. मात्र दोन्ही बाजूंकडे अण्वस्त्रे असल्याने धाक आपोआप निर्माण होत नाही. शत्रूची अस्त्रे पहिल्याच घावात नष्ट करता येत असतील, तर आधी घाव घालण्याचा मोह उरतोच. पहिला हल्ला सोसूनही उलट प्रहार करता येणे, हा या स्थितीचा खरा पाया आहे. समुद्रात दडून राहणाऱ्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांनी तो भक्कम केला. अमेरिकेची अशी पहिली पाणबुडी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ १९६० मध्ये गस्तीवर निघाली. १९७२ च्या करारान्वये दोन्ही देशांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालून घेतली. आपली बहुतेक शहरे असुरक्षित ठेवणे, ही त्यांनी एकमेकांना दिलेली हमीच होती.

संघर्ष उघड होऊ न देण्याची खबरदारीही महत्त्वाची ठरली. कोरियन युद्धात (१९५०–५३) सोव्हिएट वैमानिक चिनी व उत्तर कोरियन खुणा रंगवलेली मिग-१५ विमाने घेऊन अमेरिकी विमानांशी लढत होते. त्यांना रेडिओवर कोरियन भाषेत बोलण्याची ताकीद होती. पण ऐन चकमकीत तोंडून रशियनच निघे. अमेरिकेला हे कळत होते, तरी तिने त्याचा गवगवा केला नाही. कारण तसे केल्यास स्वदेशात युद्धविस्ताराची मागणी उठली असती.

सोव्हिएट संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे ठेवल्याने उद्भवलेल्या पेचप्रसंगात २७ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेचे यू-२ टेहळणी विमान पाडले गेले व वैमानिक ठार झाला. तरीही अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी प्रतिहल्ला टाळला. दुसऱ्या दिवशी सोव्हिएट नेते ख्रुश्चॉव्ह यांनी क्यूबातील क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे जाहीर केले. तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हलविण्याचे आश्वासन गुप्त राहिले. १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट दूरमुद्रक संपर्क सुरू झाला.

महासत्तांतील थेट युद्ध टळले, तरी व्हिएतनाम व अफगाणिस्तानसारख्या तिसऱ्या भूमीवरील युद्धे टळली नाहीत. वरच्या पातळीवरील स्थैर्यामुळे खालच्या पातळीवरील संघर्षाला वाव मिळतो, असा युक्तिवाद अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी १९६५ मध्ये मांडला. अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांतही मर्यादित लढाया झाल्या : १९६९ मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएट संघ व चीन, तर १९९९ मध्ये कारगिल येथे भारत व पाकिस्तान लढले. कारगिलमध्ये भारताने हवाईदलाला नियंत्रणरेषा न ओलांडण्याचा आदेश दिला होता.

अचूक माहिती आणि विवेकी निर्णय गृहीत धरणे, हा अण्वस्त्रधाकाच्या सिद्धांताचा मुख्य दोष मानला जातो. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएट उपग्रहयंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा खोटा इशारा दिला. कर्तव्यावरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो चुकीचा ठरवून वरिष्ठांना तसे कळविले.