वर उडालेलं नाणं आणि एक चुकीचा बाण

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न अकरावीचा होता. नाणं सरळ वर उडवलंय, अर्ध्या वाटेवर आहे, अजून वरच चाललंय. हवेचा विरोध सोडून दे. त्याच्यावर कोणती बलं आहेत, बाणांनी दाखव.

मी खाली एक बाण काढला, गुरुत्वाकर्षणाचा. आणि विचार करायच्या आतच वर दुसरा. तोही जरा लांब, कारण नाणं वर चाललं होतं ना! समोरचे सर शांतपणे म्हणाले, "हे वरचं बल लावतंय कोण?" हात तर केव्हाच सुटला होता. मी गप्प. लग्रांजियन लिहून समीकरणं सोडवणारी मी, एका नाण्यापुढे अडकले.

प्रवेश मिळाला (पुढचे प्रश्न बरे गेले), पण तो बाण डोक्यातून जाईना. शोधायला लागले तेव्हा कळलं की या नाण्याला स्वतःचा इतिहास आहे. 1982 मध्ये जॉन क्लेमेंट यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये नेमका हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारून लेख लिहिला. बहुतेकांनी वरचा बाण काढला होता. खरी टोचणारी गोष्ट पुढे आहे: यंत्रशास्त्राचा कोर्स पूर्ण झाल्यावरही बऱ्याच जणांचा बाण तसाच राहिला. त्याआधी 1979 मध्ये लॉरन्स व्हिएनो यांनाही फ्रान्समध्ये असंच दिसलं होतं. म्हणजे प्रश्न एखाद्या कॉलेजचा किंवा एखाद्या शिक्षकाचा नव्हता.

गती आहे म्हणजे बल असणारच, ही समजूत फार जुनी. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँने म्हटलं होतं की फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि ते तिला पुढे नेतं. ब्युरिदाँ त्याला 'इम्पेटस' म्हणे. 1983 मध्ये मायकेल मॅक्लॉस्की यांनी विद्यार्थ्यांच्या उत्तरांची तुलना थेट या सिद्धांताशी केली. ही तुलना मला अर्धीच पटते. ब्युरिदाँचा इम्पेटस आपोआप संपत नाही, विरोध झाला तरच संपतो, आणि तो वस्तूच्या द्रव्यावर व वेगावर अवलंबून असतो. ते आपल्या संवेगाच्या बरंच जवळ जातं. माझ्या मनातला बाण मात्र वर जाता जाता आपोआप विरत होता. ब्युरिदाँ माझ्यापेक्षा हुशार होता, एवढं नक्की.

आता पद्धतीकडे या, कारण संशोधन करायचंय तर हा भाग महत्त्वाचा. 1985 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतले इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टिनीस यांनी एक चाचणी तयार केली. आधी प्रश्न मोकळे ठेवले, मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू दिलं. मग त्यातली वारंवार येणारी चुकीची उत्तरंच पर्याय म्हणून घातली. आपल्याकडच्या एमसीक्यूमध्ये चुकीचे पर्याय बहुधा पेपर काढणारा खुर्चीत बसून सुचवतो. इथे ते मुलांच्या डोक्यातून आले होते! त्यातूनच 1992 मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' आली. आकडेमोड जवळपास शून्य. ट्रक आणि छोटी कार धडकल्या तर जास्त बल कोण कोणावर लावतं, असे साधे प्रश्न.

हार्वर्डच्या एरिक मेझर यांना वाटलं, आपल्या मुलांना हे अगदीच सोपं जाईल. गेलं नाही. एका विद्यार्थिनीने तर विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं द्यायची, की मला खरंच वाटतं तशी? मेझर यांनी मग शिकवायची पद्धतच बदलली. प्रश्न टाकायचा आणि मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा.

1998 मध्ये रिचर्ड हेक यांनी 62 कोर्समधल्या 6,542 विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. त्यांचं माप सोपं आहे: जितकं शिकायचं बाकी होतं, त्यातलं किती शिकले? सुरुवातीची सरासरी 40 टक्के, शेवटी 55 टक्के, तर 60 पैकी 15, म्हणजे 0.25. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी 0.23 आली, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांची 0.48.

पण एवढ्यावर भुलू नका. हेक यांच्याकडचे बरेच आकडे शिक्षकांनी स्वतःहून पाठवलेले होते, आणि वाईट निकाल स्वतःहून कोण पाठवतो? शिवाय 1995 मध्येच डग्लस हफमन आणि पॅट्रिशिया हेलर यांनी विचारलं होतं की ही चाचणी नेमकं काय मोजते. संख्याशास्त्रीय विश्लेषणात चाचणीकर्त्यांनी सांगितलेले संकल्पनांचे गट त्यांना वेगळे दिसलेच नाहीत. हेस्टिनीस आणि हलून यांनी उत्तर दिलं, वाद रंगला. हे लेख एकापाठोपाठ वाचा. आपल्या मोजपट्टीवरच कोणी शंका घेतली तर काय करायचं, ते त्यात दिसतं.

यंदा प्रथम वर्षाच्या ट्युटोरियलला मी तेच नाणं उडवलं. एका मुलीने वरचा बाण काढला. मी विचारलं, हे कोण लावतंय? ती जरा थांबली आणि म्हणाली, "ताई, हे बल नाहीये, त्याचा वेग आहे. पण मग तो काढायचा कुठे?"

मी तिला दुसऱ्या रंगाचा पेन दिला.